बी-स्कूल निवडायचंय? आधी वजनं ठरवा, नावं नंतर बघा

एमबीएला कुठे जायचं ह्याचं एक्सेल मी पण केलं होतं. अकरा कॉलम, रंगीत सेल, खाली टोटल, बघणाऱ्याला वाटावं पोरगं काय पद्धतशीर आहे. गडबड एवढीच होती की कुठलं कॉलेज पहिलं यायला पाहिजे ते मी मनात आधीच ठरवून टाकलेलं, आणि ते दुसऱ्या नंबरवर दिसलं की मी 'ब्रँड'चं वजन १५ वरून २५ करायचो, परत टोटल बघायचो आणि मग हुश्श. पुढे तिथेच गेलो. कॉलेज वाईट अजिबात नव्हतं, रँकिंगमध्ये तर फारच वर होतं, पण मला ज्या इंडस्ट्रीत जायचं होतं तिथल्या कंपन्या त्या कॅम्पसवर फिरकायच्याच नाहीत आणि हे त्यांच्या स्वतःच्या रिपोर्टमध्ये चौथ्या पानावर छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांबरोबर बसून हे एक्सेल परत परत केलंय आणि आता माझा एकच हट्ट असतो, वजनं आधी आणि नावं नंतर. ज्या दिवशी वजनं ठरवाल त्या दिवशी कॉलेजांची लिस्ट समोर नको, टॅब बंद करा. खाली अख्खी प्रोसेस लिहितोय, लांब आहे, दोन बैठकीत वाचलं तरी चालेल.

आयडिया माझी नाही बरं का. १७७२ साली जोसेफ प्रिस्टली ह्या शास्त्रज्ञाला नवी नोकरी घ्यावी की नाही ते कळेना, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने त्याला पत्र लिहून सांगितलं की काय ठरव ते मी नाही सांगू शकत पण कसं ठरवायचं ते सांगतो. कागदाच्या मधोमध रेघ मार, एका बाजूला होकाराची कारणं, दुसऱ्या बाजूला नकाराची, तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत जा आणि मग दोन्हीकडची सारख्या वजनाची कारणं समोरासमोर खोडत जा, शेवटी काय उरतं ते बघ. ही खोडायची युक्ती आपल्याला पुढे लागणारे.

पायरी १: एमबीए कशासाठी, एका वाक्यात लिहा

"करिअर ग्रोथ", "लीडरशिप", "नेटवर्क" असलं काही लिहायचं नाही. वाक्यात तीन गोष्टी पाहिजेत: काम कुठलं, इंडस्ट्री कुठली आणि देश किंवा शहर कुठलं. म्हणजे "आत्ता सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय, डिग्रीनंतर हेल्थकेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय, युरोपात" असं. आता ह्या तीनपैकी किती गोष्टी बदलतायत ते मोजा. एक बदलत असेल तर सोपं, बरीच कॉलेजं चालतील. दोन बदलत असतील तर जपून. तिन्ही एकदम बदलायचे असतील तर अशक्य नाही, पण मग इंटर्नशिप असलेला कोर्स आणि भक्कम करिअर ऑफिस (नोकरी शोधायला मदत करणारा कॉलेजचा विभाग) ह्या दोन गोष्टी तुमच्यासाठी चैन नाहीत, गरज आहेत, आणि पुढे वजनं देताना ते दिसलं पाहिजे.

वाक्य लिहिता येत नसेल तर कॉलेज शोधणं थांबवा आणि ते काम आत्ता करणाऱ्या तीन माणसांशी बोला. गंमत म्हणजे त्यातला एखादा सांगतो की अरे ह्याला एमबीए लागतच नाही. फक्त फायनान्समध्येच खोल जायचं असेल तर मास्टर्स इन फायनान्स बघा. नुकतंच ग्रॅज्युएशन झालं असेल, अनुभव शून्य ते दोन वर्षं, तर मास्टर्स इन मॅनेजमेंट त्याच वयोगटासाठी आहे. दहाएक वर्षं नोकरी झालीये आणि त्याच कंपनीत वर चढायचंय, तर एक्झिक्युटिव्ह किंवा पार्ट-टाइम. फुल-टाइम एमबीए हा मधल्यांसाठी आहे, साधारण तीन ते सात वर्षं अनुभव आणि गाडी वळवायची इच्छा.

पायरी २: चाळणी

काही गोष्टींना वजन देण्यात अर्थ नसतो, त्या नसल्या तर कॉलेज बादच. अशा अटी जास्तीत जास्त तीन ठेवा, कारण सात-आठ ठेवल्या की चाळणीतून काहीच खाली पडत नाही आणि लोक वैतागून शेवटी सगळ्याच अटी सोडून देतात (पाहिलंय मी).

सगळ्यात कॉमन अट म्हणजे कर्जाची वरची मर्यादा, त्याचं गणित पुढे आहे. दुसरी म्हणजे डिग्रीनंतर त्या देशात राहून काम करता येणार का. अमेरिकेत स्टुडंट व्हिसावर शिकलेल्याला ओपीटीवर (शिकून झाल्यावरची तात्पुरती कामाची परवानगी) १२ महिने काम करता येतं आणि प्रोग्रॅम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) म्हणून नोंदलेला असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात, म्हणजे एकूण ३६. बऱ्याच बी-स्कूलनी आपला एमबीए किंवा त्यातली एखादी स्पेशलायझेशन स्टेममध्ये नोंदवून घेतलीये, पण सगळ्यांनी नाही, आणि एकाच कॉलेजात एक मेजर स्टेम आणि दुसरी नाही असंही असतं, म्हणून कॉलेजला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. त्यानंतरच्या एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसाची नेहमीची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,०००, अर्ज मात्र त्याहून कितीतरी जास्त येत आलेत, त्यामुळे नोकरी मिळाली म्हणजे व्हिसा मिळाला असं धरून चालू नका. ब्रिटनच्या ग्रॅज्युएट रूटवर (शिकून झाल्यावर तिथे राहायचा व्हिसा) मास्टर्सवाल्यांना २ वर्षं मिळतात, पण १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना १८ महिनेच. हे नियम सरकारं बदलत राहतात, अ‍ॅप्लिकेशन भरायच्या आठवड्यात सरकारी साइटवर परत चेक करा, सीनियरने सांगितलेलं दोन वर्षांपूर्वीचं असतं.

तिसरी अट घरची. नवरा किंवा बायको तिथे काम करू शकणार का, मूल आहे का, आईवडिलांपैकी कोणाची तब्येत अशी आहे का की दोन वर्षं लांब राहता येणार नाही. लोक ही गोष्ट शेवटी "मॅनेज करू" म्हणून ढकलतात. हिची जागा इथे आहे, चाळणीत.

अ‍ॅक्रेडिटेशन (बाहेरच्या संस्थेने कॉलेज तपासून दिलेली मान्यता) पण इथेच उरकून टाका. एएसीएसबी, इक्विस आणि अ‍ॅम्बा ही तीन नावं लक्षात ठेवा, तिन्ही असतील त्याला ट्रिपल क्राउन म्हणतात. पण ट्रिपल क्राउन नाही म्हणून कॉलेज हलकं असं नाही, अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शाळा नुसत्या एएसीएसबीवरच आहेत, त्यांना बाकीच्या दोन शिक्क्यांची गरज वाटली नाही. एकही नसेल आणि नाव पण कोणी ऐकलेलं नसेल, तर मात्र काट मारा.

पायरी ३: १०० पॉइंट वाटा

आता खरं काम. चाळणीतून पार पडलेल्या कॉलेजांची तुलना करायला पाच ते सहा निकष निवडा आणि त्यांच्यात १०० पॉइंट वाटा. निकष आपले आपण काढायचे, माझे घ्यायचे नाहीत, तरी उदाहरणादाखल: हव्या त्या कामात शिरकाव, कर्जाचं ओझं, देश किंवा शहर, जोडीदाराचं आयुष्य, शिकवण्याची पद्धत, वर्गातलं वातावरण, अ‍ॅल्युमनी.

सगळ्यांना १५-१५ देऊन मोकळं व्हायचं नाही. एकेका जोडीला असा प्रश्न विचारा: मला हव्या असलेल्या कामात जायची शक्यता बऱ्यापैकी वाढणार असेल तर त्यासाठी मी कर्ज किती जास्त घेईन? आणखी एक वर्षाच्या पगाराएवढं? अर्ध्या वर्षाच्या? काहीच नाही? उत्तर "काहीच नाही" असेल तर तुमचा पहिला निकष कर्ज आहे, तोंडाने तुम्ही काहीही म्हणत असाल तरी. तसंच, जोडीदाराला एक वर्ष नोकरीशिवाय बसायला लागणार असेल तर त्या बदल्यात कॉलेज किती चांगलं असायला हवं? आकडा काढायचाच, कुरकुरत काढा पण काढा.

इथे एक बारीक मुद्दा आहे जो बहुतेक जण चुकतात, मी तर दोनदा चुकलो. वजन निकषाच्या महत्त्वाला देतात असं वाटतं, पण ते द्यायचं असतं तुमच्या यादीतल्या कॉलेजांमध्ये त्या निकषावर जो फरक आहे त्याला. फी तुमच्यासाठी प्रचंड महत्त्वाची असेल, पण उरलेल्या चारही कॉलेजांची फी जवळपास सारखी असेल तर फीच्या कॉलमला ३० पॉइंट देऊन काय मिळणार, सगळ्यांना सारखेच मार्क पडणार आणि ते ३० फुकट जाणार. फ्रँकलिनची खोडायची युक्ती ती हीच. म्हणून पहिली वाटणी नावं न बघता करा, डेटा आला की जो कॉलम सगळीकडे सारखा निघेल तो खोडा आणि त्याचे पॉइंट बाकीच्यांत त्याच प्रमाणात वाटून टाका. ह्या टप्प्यावर वजन बदलायला परवानगी फक्त एवढ्याच कारणासाठी, लाडकं कॉलेज खाली गेलं म्हणून नाही! पहिल्या वाटणीचा फोटो काढून कोणाला तरी पाठवून ठेवा, मग नंतर स्वतःला फसवता येत नाही.

जोडीदार असेल तर त्याने किंवा तिने वेगळ्या कागदावर वाटणी करायची, न दाखवता. दोन कागद शेजारी ठेवले की जे भांडण पहिल्या सेमिस्टरमध्ये होणार होतं ते आत्ताच होतं, आणि स्वस्तात होतं.

पायरी ४: डेटा, आणि तो वाचायचा कसा

एम्प्लॉयमेंट रिपोर्टपासून (कोणाला कुठे, किती पगाराची नोकरी लागली ह्याचा कॉलेजचा अहवाल) सुरू करा, ब्रोशरपासून नाही. चांगल्या शाळा दरवर्षी काढतात, आणि बऱ्याच जणी एमबीए सीएसईए ह्या करिअर ऑफिसांच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे आकडे देतात, म्हणजे निदान सगळे एकाच मापाने मोजतात. रिपोर्ट काढतच नसतील किंवा नुसता "सर्वोच्च पॅकेज" लिहीत असतील तर ते पण उत्तरच आहे.

पहिल्या पानावरचा टक्का कशाचा आहे ते शोधा. समजा बॅच २०० ची. त्यात ३० जणांना त्यांच्या कंपनीनेच पाठवलंय, ते परत जाणार. २० जण स्वतःचा धंदा सुरू करणार. १० जणांनी काही कळवलंच नाही किंवा नोकरी शोधणं पुढे ढकललं. उरले १४०, ते "नोकरी शोधणारे", आणि "तीन महिन्यांत ९० टक्क्यांना ऑफर" हे त्या १४० चे ९० टक्के, म्हणजे १२६. अख्ख्या बॅचचे ६३ टक्के झाले. ह्यात फसवणूक काही नाही, पण शोधणाऱ्यांचा आकडा छापलेला असतो तो न वाचता आपण ९० धरून बसतो.

मग पगार. अ‍ॅव्हरेज सोडून मीडियन (सगळे पगार ओळीत लावले की मधोमध येणारा) बघा, आणि २५ वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली तळातले पाव लोक असतात तो पगार) दिला असेल तर तो आधी बघा, कारण तुमच्या कर्जाचं काय होणार ते तिथे कळतं. जॉइनिंग बोनसच्या शेजारी "किती टक्के लोकांना मिळाला" असा कॉलम असतो, तो पण.

मग इंडस्ट्री, काम आणि भूगोल ह्यांचे तक्ते. माझं चौथं पान ते हेच. तुमच्या इंडस्ट्रीत ६ टक्के गेले असं लिहिलंय, १४० चे ६ टक्के म्हणजे आठ माणसं, आणि आता प्रश्न असा की त्या आठांपैकी किती जण आधीपासूनच त्या इंडस्ट्रीत होते? हे रिपोर्टमध्ये नसतं. लिंक्डइनवर कॉलेजच्या अ‍ॅल्युमनी पानावर जाऊन पासआउट वर्ष आणि कंपनी टाका आणि वीसेक प्रोफाइल नीट वाचा, एमबीएच्या आधी काय करत होते आणि नंतर काय. एक संध्याकाळ जाते पण कुठल्याही रँकिंगपेक्षा जास्त कळतं. माझ्या इंडस्ट्रीतले सगळेच जण आधी तिथलेच होते, परत गेले होते, हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

आता रँकिंग. टाकाऊ नाही, पण ते दुसऱ्या कोणाच्या तरी वजनांनी केलेलं एक्सेल आहे एवढं डोक्यात ठेवा. फायनान्शियल टाइम्सचं ग्लोबल एमबीए रँकिंग १९९९ पासून येतं, त्यात माजी विद्यार्थ्यांना डिग्रीनंतर तीन वर्षांनी विचारतात आणि अलीकडच्या वर्षांत पगार आणि पगारवाढ ह्या दोघांचं मिळून वजन जवळपास एक तृतीयांश असतं. शिवाय पगार क्रयशक्तीच्या हिशोबाने बदलून घेतात, म्हणजे जिथे राहणं स्वस्त तिथला पगार कागदावर फुगतो. हे तुलनेसाठी बरोबरच आहे, पण कर्ज फेडताना बँक काही क्रयशक्तीच्या हिशोबाने हप्ता घेत नाही. आणि तीन वर्षांपूर्वी पास झालेले म्हणजे ज्यांनी पाच-सहा वर्षांपूर्वी अर्ज केला ते लोक, म्हणजे तुम्ही जुना फोटो बघताय. यूएस न्यूज ह्या अमेरिकन रँकिंगचं गणित वेगळं, त्यात नोकरीचे आकडे आणि दुसऱ्या बी-स्कूलच्या लोकांचं मत ह्यांना मोठं वजन. मी एवढंच करतो, तीन-चार वर्षांची रँकिंग घेऊन कॉलेजांचे गट पाडतो. पाचवं आणि नववं ह्यात फरक नाही, पाचवं आणि साठावं ह्यात आहे.

कोर्सची लांबी हा मुद्दा लोक फक्त पैशाच्या बाजूने बघतात. फ्रान्समधल्या इन्सेअ‍ॅडचा एमबीए १० महिन्यांचा, पण तिथे जानेवारीत सुरू करणाऱ्यांना मधल्या सुट्टीत इंटर्नशिपला वेळ मिळतो आणि ऑगस्टवाल्यांना नाही, एकच कॉलेज, एकच डिग्री, पण इंडस्ट्री बदलणाऱ्यासाठी दोन वेगळे कोर्स समजा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या जानेवारी बॅचचंही तसंच, समर इंटर्नशिप नाही, ज्यांना तिची गरज नाही त्यांच्यासाठीच ती आहे. लंडन बिझनेस स्कूलमध्ये १५, १८ किंवा २१ महिन्यांत संपवायची सोय आहे. दोन वर्षांच्या अमेरिकन कोर्समध्ये मधला उन्हाळा इंटर्नशिपचा, आणि इन्व्हेस्टमेंट बँकिंग किंवा कन्सल्टिंगमध्ये बाहेरून शिरणाऱ्याचा मुख्य दरवाजा तोच. आता हे ऐका, त्या इंटर्नशिपची धावपळ कॉलेज सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांतच सुरू होते. "तिथे जाऊन ठरवू" म्हणणाऱ्यांना ठरवायला मिळतात ते एवढेच दिवस.

वर्ग केवढा? हार्वर्डला वर्षाला नऊशेच्या वर मुलं, नव्वदेक जणांचे सेक्शन, आणि सगळा भर केस मेथडवर (खऱ्या कंपन्यांच्या प्रसंगांवर वर्गात चर्चा), दोन वर्षांत पाचशेच्या आसपास केसेस. वर्गात बोलावं लागतं, अचानक नाव घेऊन उठवतात, बोलण्याला मार्क असतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आयएमडीला अख्खी बॅचच शंभरेकाची. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचं टक (१९०० सालचं, पदव्युत्तर बी-स्कूलमधलं जगातलं पहिलं) छोट्याशा हॅनोव्हर गावात, सगळे एकमेकांना ओळखतात, हे कोणाला स्वर्ग वाटतं आणि कोणाला दुसऱ्याच महिन्यात गुदमरायला होतं. शिकागोच्या बूथमध्ये सक्तीचा कोर्स एकच, बाकी सगळं तुम्ही निवडा, ज्याला आपल्याला काय शिकायचंय ते माहितीये त्याला मस्त, ज्याला नाही त्याला ओझं. ह्यातलं काहीच सगळ्यांसाठी चांगलं किंवा वाईट नाही, म्हणून तर वजनं तुमची लागतात.

शेवटी माणसं. अ‍ॅडमिशन ऑफिसने जोडून दिलेले विद्यार्थी गोड बोलतात, त्यांचा दोष नाही. तुमच्यासारख्या बॅकग्राउंडचा, तुमच्यासारख्याच व्हिसाचा, मागच्या बॅचचा माणूस स्वतः शोधा आणि "कॉलेज कसंय" हे विचारू नका. "तुझ्याच टार्गेटवाल्या ज्यांना नोकरी उशिरा लागली त्यांचं काय चुकलं" आणि "करिअर ऑफिसमध्ये तुझ्या इंडस्ट्रीचं बघणारा माणूस कोण, तो किती वेळा भेटला" हे विचारा. पाच जणांशी बोललात की तीच गोष्ट परत ऐकू यायला लागते, तिथे थांबा.

पायरी ५: पैसे

आकडे देशाप्रमाणे बदलणार म्हणून आपण तुमचा आजचा वर्षाचा हातात येणारा पगार १०० धरू. दोन वर्षांचा कोर्स: फी आणि राहण्याचा जास्तीचा खर्च २५०, बुडालेला पगार २००, इंटर्नशिपमधून परत आले २०, म्हणजे एकूण ४३०. नंतर हातात २०० येतील अशी आशा. पण एमबीए न करता पण पगार वाढलाच असता ना, दोन वर्षांत ११५ झाला असता, म्हणून फायदा ८५ चा. ४३० भागिले ८५, पाच वर्षं. एक वर्षाचा कोर्स: खर्च १६०, बुडालेला पगार १००, एकूण २६०, नंतर पगार १८०, तसाही १०८ झाला असता, फायदा ७२, साधारण साडेतीन वर्षं.

आता नंतरचा पगार २० टक्के कमी धरून परत करा, म्हणजे २०० च्या जागी १६०. फायदा ४५ वर आला आणि साडेनऊ वर्षं झाली. एक वर्षवाल्यात १४४, फायदा ३६, सात वर्षांच्या वर. बघितलंत? पगार पाचव्या हिश्श्याने घसरला तर वसुलीचा काळ दुप्पट होतोय, आणि व्याज तर अजून धरलंच नाही. म्हणून कर्जाची मर्यादा ठरवताना मीडियनवर जाऊ नका, त्या २५ व्या पर्सेंटाइलच्या पगारातून हप्ता किती जातोय ते बघा. हातात येणाऱ्या पगाराच्या पाव हिश्श्याच्या वर जात असेल तर मला झोप लागणार नाही, तुमची मर्यादा तुम्ही ठरवा. कर्ज एका चलनात आणि नोकरी दुसऱ्या चलनात होण्याची शक्यता असेल तर आणखी जरा हात आखडता घ्या.

पायरी ६: मार्क द्या आणि मग एक्सेल हलवून बघा

एका मैत्रिणीचं एक्सेल थोडं बदलून दाखवतो. वजनं: इंडस्ट्री बदलणं ३५, कर्ज २५, देश २०, नवऱ्याची नोकरी १५, वातावरण ५. मार्क दहापैकी, ह्याच क्रमाने. कॉलेज 'अ', मोठं, दोन वर्षांचं: ९, ३, ७, ४, ८. कॉलेज 'ब', एक वर्षाचं: ५, ८, ६, ७, ७. कॉलेज 'क', मधलं, बऱ्यापैकी स्कॉलरशिप देणारं: ७, ७, ५, ६, ६. गुणाकार करून बेरीज: अ ६३०, ब ६३५, क ६४०.

ती म्हणाली, "चल, क जिंकलं." काही जिंकलं नाही. मार्क आपण अंदाजाने दिलेत, इंडस्ट्रीच्या कॉलममध्ये एखादा मार्क इकडचा तिकडे झाला तरी ३५ चा फरक पडतो, मग दहाच्या फरकाला काय अर्थ. आता हलवून बघा: कर्जाचे १० काढून इंडस्ट्री बदलण्याला दिले, ४५ आणि १५. अ झालं ६९०, ब ६०५, क ६४०च राहिलं. म्हणजे अख्खा निर्णय एका प्रश्नावर येऊन ठेपला, इंडस्ट्री बदलायची किती निकड आहे आणि त्यासाठी किती कर्ज झेपेल. वातावरण, देश वगैरेवर ती तीन महिने डोकं खात होती आणि हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला होता.

एक्सेलचा खरा उपयोग हा. उत्तर काढून घेऊ नका, कुठला प्रश्न उरलाय ते काढून घ्या. आणि टोटल बघून पोटात खड्डा पडला तर वजन बदलायच्या आधी लिहा की का पडला. तिने लिहिलं, "क मध्ये गेले तर आत्ताचंच काम जरा मोठ्या पगारात करत बसेन." निकष होताच, वजन तिने घाबरून कमी दिलं होतं. माझ्या वेळी मी हे लिहिलं असतं तर वाक्य आलं असतं "लोक नाव ओळखणार नाहीत", आणि ते वाचून बहुतेक मीच थांबलो असतो.

पायरी ७: अर्ज आणि त्यानंतर

बहुतेक अमेरिकन कॉलेजांचा पहिला राउंड सप्टेंबरच्या आसपास, दुसरा जानेवारीच्या सुरुवातीला, तिसरा वसंतात. तिसऱ्यात जागा आणि स्कॉलरशिप दोन्ही आटलेल्या असतात, व्हिसा लागणाऱ्यांनी तो टाळावा. जीमॅट आणि जीआरई ह्या प्रवेश परीक्षा, दोन्हीचा स्कोअर पाच वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षा आधी उरकून ठेवता येते. सध्याच्या जीमॅटचं स्केल २०५ ते ८०५ आहे आणि ते जुन्या २०० ते ८०० शी सरळ जुळत नाही, सीनियरचा ७०० आणि तुमचा ७०० एक नाही, पर्सेंटाइलची तुलना करा. चार ते सहा अर्ज पुरे, त्याच्यावर गेलं की निबंध एकमेकांसारखे व्हायला लागतात आणि एकात दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहतं.

दोन अ‍ॅडमिट हातात असतील तर स्कॉलरशिपसाठी विचारायला लाजू नका. छोटं, सरळ ईमेल: तुमच्याकडे यायची इच्छा आहे, दुसरीकडून एवढी मदत मिळतेय, इतका फरक मला अडवतोय, काही करता येईल का. नाही म्हणाले तर अ‍ॅडमिट काही काढून घेत नाहीत. डिपॉझिटची तारीख वाढवून मागता येते, ती मागा, विशेषतः दुसरा निकाल आठवडाभरावर असेल तेव्हा. डिपॉझिट सहसा परत मिळत नाही, तर भरायच्या आदल्या रात्री पायरी ३ चा तो फोटो ज्याला पाठवला होता त्याच्याकडून परत मागवून घ्या, आत्ताच्या एक्सेलशेजारी ठेवा, आणि जिथे आकडा बदललाय त्या प्रत्येक ठिकाणी का बदलला ते त्याला फोनवर सांगा. त्याला पटलं तर भरा.